जावईबापू आपला फ्लॅट का सोडताहेत?

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलंय. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत:

'काका, आम्ही साडेबारा हजार भाड्यानं दोन खोल्यांत राहतो. हे पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात, मी अन्नपूर्णा रोडकडच्या एका शाळेत. दोघांचे मिळून हातात ९५ हजार येतात. सासरे गेल्यावर रामबागेतलं जुनं घर याच वर्षी विकलं, आमच्या वाट्याला २२ लाख आले. नणंदेचे यजमान प्रॉपर्टीच्या कामात आहेत. त्यांनी बायपासच्या एका नव्या स्कीममधला ६२ लाखांचा थ्री बीएचके सुचवलाय. इमारत अजून अर्धी आहे. त्यांची स्वतःची तिथं दोन बुकिंग आहेत, त्यातलं एक ते "घरचे म्हणून" जुन्याच भावात आम्हाला द्यायला तयार आहेत, वर एक रुपया ऑन नाही. रजिस्ट्रीचा खर्च बिल्डरकडे, मॉड्युलर किचनही फुकट. दिवाळीनंतर भाव वाढणार, दसऱ्याला टोकन द्या म्हणतात. पेपरातही येतंय की घरांना मागणी जोरात आहे. पण रविवारी साइटवर गेलो तर ऑफिसात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि शाळेतल्या एका बाईंचा तिकडचाच प्लॉट आठ महिने झाले विकला जात नाहीये. यांना वाटतं घ्यावं. माझं मन घेत नाही. आणि जावईबापूंना नाही कसं म्हणायचं?'

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रिकामं ऑफिस, न विकणारा प्लॉट, हे सगळं नंतर. ओळ आहे ती 'वर एक रुपया ऑन नाही' ही. ऑन म्हणजे बुकिंग दुसऱ्याला देताना मूळ भावावर घेतलेले वरचे पैसे.

बाजार खरंच तापलेला असतो तेव्हा प्रॉपर्टीतला माणूस आपलं बुकिंग सख्ख्या भावालाही जुन्या भावात देत नाही. दिलं तर चार ठिकाणी सांगत फिरतो की घरच्यांसाठी एवढं नुकसान सोसलं. आणि दिवाळीनंतर भाव वाढणार अशी ज्याची खात्री आहे, तो दसऱ्याला विकेल कशाला? महिनाभर थांबेल. जावईबापू तोंडानं तेजी बोलताहेत, पण त्यांचे हात विकताहेत. त्यांना मी लबाड म्हणत नाही. दोन बुकिंग घेऊन ठेवली, पुढचे हप्ते डोक्यावर आले, गिऱ्हाईक फिरकेना, अशा माणसाला शेवटी नातेवाईक आठवतात. मलाही आठवले होते.

ती गोष्ट सांगतो, कारण मी गृहकर्जाच्या टेबलावर २६ वर्षं काढलेला माणूस, मला तरी कळायला हवं होतं. २०१६ च्या सुरुवातीला आम्ही तिघा मित्रांनी सुपर कॉरिडॉरच्या अंगाला डायरीवर एक प्लॉट घेतला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: डायरी म्हणजे इंदूरचा खास प्रकार. कॉलनीचा नकाशा मंजूर नाही, विकास परवानगी नाही, रजिस्ट्रीचा तर प्रश्नच नाही. कॉलनाइझर, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, एका डायरीच्या पानावर प्लॉटचा नंबर आणि आलेली रक्कम लिहून देतो, आणि ते पानच हातोहात विकलं जातं. माझा वाटा ९ लाखांचा. ऑक्टोबरपर्यंत दलाल दर आठवड्याला फोन करायचा, 'साहेब, पन्नास रुपये फूट वर देतो, सोडता का?' आम्ही मिशीत हसायचो. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि फोनही बंद झाला. मग मीच त्याला करायला लागलो. तो म्हणायचा, 'भाव तोच आहे साहेब, फक्त घेणारा नाहीये.' २०२१ मध्ये तो प्लॉट गेला, मला माझे ९ लाख परत मिळाले. बायको म्हणाली, नशीब, बुडाले नाहीत. पण सात टक्क्यांच्या एफडीत त्याच ९ लाखांचे पाच वर्षांत साडेबारा लाखांच्या वर झाले असते.

दलालाचं ते वाक्य मी विसरलो नाही. आपल्याकडे घरांचा बाजार असाच थंड होतो. शेअरसारखा भाव कोसळत नाही. विकणारा आकडा धरून बसतो, घेणारा यायचा थांबतो, आणि मधली वर्षं महागाई खाऊन टाकते. त्यामुळे 'इंदूरचे भाव कधी खाली आलेत का?' हा जावईबापूंचा प्रश्न (तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर आहे) खरा असूनही उपयोगाचा नाही. भाव न पडता माणूस बुडू शकतो.

आता ती फुकटची रजिस्ट्री आणि किचन बघू. मध्य प्रदेशात शहरी भागात मुद्रांक आणि नोंदणी मिळून दहा टक्क्यांच्या वरच जातात. तुमच्या फ्लॅटला सहा-सात लाख धरा. किचनचे दीड-दोन. म्हणजे बिल्डरनं फ्लॅट ५४ लाखांच्या आसपास आणलाय, फक्त फलकावर ६२ च ठेवलेत. का? फलकावर ५४ लिहिले तर आधी ६२ ला घेतलेले लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसतील, आणि ज्या बँकेकडून त्यानं बांधकामाचं कर्ज उचललंय ती बँक उरलेल्या फ्लॅटांची किंमत कमी धरेल. म्हणून सवलत भेट म्हणून द्यायची. कुठं सोन्याचं नाणं, कुठं स्कूटर, कुठं 'ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू'. भेटींची यादी लांबली की समजावं, भाव आतून उतरलाय.

आणि हे कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स नावाचा निर्देशांक २००७ पासून निघतो, आज त्यात ५० शहरं आहेत, इंदूरही आहे. चांगलं काम आहे ते. पण त्याचा एक आधार म्हणजे कर्ज देताना बँकांनी केलेलं मूल्यांकन, आणि ते कसं होतं ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. मूल्यांकन करणारा करारातला आकडा बघतो, जागेवर जाऊन चार फोटो काढतो, आणि आकडा जुळवून देतो. करारात ६२ असतील तर ६२ च. किचन त्याला कुणी सांगत नाही.

पेपरातल्या बातम्यांचं म्हणाल, तर त्या खोट्या असतात असं मला म्हणायचं नाही. बिल्डरांच्या संघटनेला विचारलं की बाजार कसा आहे, तर ती दुसरं काय सांगणार? मिठाईवाला आपला पेढा कालचा आहे असं सांगत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, 'सरासरी किंमत वाढली' ही बातमी. समजा एका वर्षी चार फ्लॅट विकले गेले, तीन ४० लाखांचे, एक ८० चा, सरासरी ५०. पुढच्या वर्षी दोनच गेले, एक ४० चा, एक ८० चा, सरासरी ६०. मथळा येणार, किमती २० टक्क्यांनी वाढल्या. विक्री निम्मी झाली ते आत कुठंतरी. मध्यमवर्गीय घरं अडकतात आणि महाग घरं जातात तेव्हा नेमकं हेच होतं. दुसरी, रजिस्ट्रीच्या विक्रमाची बातमी. एक एप्रिलला नवी कलेक्टर गाइडलाइन (रजिस्ट्रीसाठी सरकारनं ठरवलेले किमान भाव) लागते, म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचे सौदेसुद्धा लोक मार्चमध्ये उरकून घेतात. गाइडलाइन वाढली की तेवढ्याच रजिस्ट्र्यांत सरकारला पैसेही जास्त मिळतात. त्या गर्दीवरून आजचं गिऱ्हाईक मोजता येत नाही.

मेट्रो आणि सिंहस्थ यांबद्दलही जावईबापूंनी सांगितलेलं दिसतंय. मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरांच्या आसपासचा टप्पा ३१ मे २०२५ पासून धावतोय, पण तो गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर. तुमचा फ्लॅट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि २०२८ चा सिंहस्थ उज्जैनला आहे. शिप्रेवर स्नानाला आलेला भाविक परत जाताना बायपासला थ्री बीएचके घेऊन जात नाही.

मग खरं कसं ओळखायचं? विकत घ्यायला जाल तर प्रत्येक जण तेजीच सांगेल. म्हणून विकायला जा. त्या भागातल्या, जावईबापूंच्या ओळखीत नसलेल्या दोन-तीन दलालांना फोन करा आणि म्हणा, 'अमुक स्कीममध्ये आमचं एक बुकिंग आहे, काढायचंय. किती येतील आणि किती दिवसांत?' थोडं खोटं बोलावं लागेल, तेवढं पाप माझ्या खात्यावर लिहा. 'आजच या, पार्टी तयार आहे' असं उत्तर आलं, तर मी चुकलो. 'मॅडम, थोडा रुकना पडेगा, बिल्डर के पास ही बहुत माल है' असं आलं, तर तुम्हाला कळलं. मात्र हे फोन पितृपक्षात करू नका. तेव्हा चांगला मालही पडून असतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

दुसरं, शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीसमोर एखाद्या आडवारी रात्री साडेआठला उभे राहा आणि दिवे मोजा. सगळे विकले गेलेत असं सांगतात त्या इमारतीत शंभरातले तीस दिवे लागले असतील, तर बाकीचे सत्तर मालक राहायला आलेले नाहीत, भाव वाढायची वाट बघत बसलेत. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर हे सत्तर जण तुमच्या पुढे रांगेत असतील.

आणि तिसरं, सेल्स ऑफिसातला तो नकाशा. प्रत्येक फ्लॅटच्या चौकोनावर लाल टिकल्या लावलेल्या असतात, लाल म्हणजे विकलेला. आपण लाल टिकल्या मोजतो आणि घाबरतो, अरे, थोडेच उरले. मागे एका पुतण्याबरोबर अशाच ऑफिसात गेलो होतो. मुलगी चहा आणायला आत गेली तेव्हा मी चष्मा पुसून नकाशाच्या जवळ गेलो. पाच-सहा रिकाम्या चौकोनांवर गोल, काळपट डाग होते. टिकली काढल्यावर गोंद राहतो, त्यावर धूळ बसते. म्हणजे ते फ्लॅट विकले गेले होते आणि परत आले होते. पुतण्याला खुणेनं दाखवलं. त्यानं चहा पिऊन नमस्कार केला.

आता तुमचा हिशेब. फ्लॅट ६२ लाख. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख १० हजार. रजिस्ट्री बिल्डर देणार म्हणतोय, पण ती सवलत नव्या बुकिंगला आहे की दुसऱ्याकडून घेतलेल्या बुकिंगलाही, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा तिथंच मेख असते. पार्किंग, मेंटेनन्सची अनामत, पडदे-पंखे धरून सत्तरच्या आत तुम्ही बाहेर पडत नाही. बावीस वजा केले तर ४८ लाखांचं कर्ज. आठ टक्क्यांनं वीस वर्षांचा हप्ता ४० हजारांच्या थोडा वर. ताबा मिळेपर्यंत घरभाडं चालूच. ९५ हजारांत हे बसतं, पण दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने डगमगली तर बसत नाही. तसाच फ्लॅट तिकडे भाड्यानं काय जातो तेही विचारा. समजा १७ हजार. वर्षाचे २ लाख ४ हजार, म्हणजे ६२ लाखांवर सव्वातीन टक्के. आठ टक्क्यांनी पैसे उचलून सव्वातीन टक्क्यांची वस्तू घ्यायची, ती भाव वाढेल या एकाच भरवशावर. तो भरवसा देणारा मात्र स्वतः बाहेर पडतोय.

थंड बाजारात भावापेक्षा मोठा धोका वेगळा आहे: अर्धी इमारत अर्धीच राहणं. बुकिंगच्या पैशावर मजले चढतात. बुकिंग थांबलं की गवंडी दुसऱ्या साइटवर जातात. रेरा कायदा याचसाठी आला. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत. कागदावर फार छान. पण परताव्याचा आदेश हातात पडणं आणि पैसे खात्यात पडणं यांत वर्षं जाताना मी पाहिलीत. म्हणून मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख, घेतलेली मुदतवाढ आणि तिमाही प्रगती बघा. तीन तिमाह्यांत काम एक मजलाही सरकलेलं नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आणि ताई, एक प्रश्न मला पत्र वाचताना पहिल्या पानापासून पडला होता. तुमचे यजमान पिथमपूरला जातात, म्हणजे पश्चिमेला. तुमची शाळा अन्नपूर्णा रोडकडे, तीही पश्चिमेला. सासूबाईंचं सगळं गणगोत रामबाग-नारायणबागेत. तुमच्या घरातलं एकही माणूस बायपासच्या, म्हणजे पूर्वेच्या, दिशेला जात नाही. मग घर तिकडे कशासाठी? रोज सकाळी अख्खं शहर ओलांडून यजमान बसचा थांबा गाठणार, त्या दोन तासांची किंमत कुठल्या रेसिडेक्समध्ये बसते?

माझं म्हणाल तर तुम्ही घर घ्या. वाट बघत बसू नका, कारण फलकावरचा आकडा खाली यायची वाट बघणारे म्हातारे होतात. पण हे घर नाही, आणि दसऱ्याला नाही. राजेंद्रनगर, राऊ, किंवा तुमच्याच सुदामानगरात तयार, पूर्णता प्रमाणपत्र मिळालेला दोन बेडरूमचा फ्लॅट शोधा. त्यावर जीएसटी नाही, राहायला लगेच जाता येतं, घरभाडं थांबतं. आणि बाजार थंड असतो तेव्हा तयार घराचा मालक ऐकून घेतो. पहिल्यांदा दहा टक्के कमी सांगा. तो रागावला तर चहा पिऊन निघा. महिनाभरानं त्याचा फोन आला तर समजा बाजार कुठं आहे. रजिस्ट्री तुमच्या नावावर करा, आपल्या राज्यात बाईमाणसाच्या नावावर नोंदणी शुल्कात सवलत आहे. पन्नास लाख किंवा वरचा सौदा झाला तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, नाहीतर नोटीस तुम्हालाच येते. रोखीत काही मागितलं तर जागेवरून उठा. घराच्या व्यवहारात वीस हजार आणि वरची रोकड घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे.

'लवकर घेतलं नाही तर घर विकल्याचा टॅक्स बसेल' अशी भीती घातली असेल, तर तीही काढून टाका. जुनं घर विकल्यापासून दुसरं विकत घ्यायला दोन वर्षं मिळतात. फक्त विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी नफ्याची रक्कम बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते, साध्या एफडीत नाही. एखाद्या सीएकडून एकदा तपासून घ्या, त्याची फी वसूल होईल.

राहिले जावईबापू. जावयाला दशमग्रह म्हणायची आपली रीत, पण हा ग्रह तुमच्या नणंदेच्या घरात रोज जेवतो, म्हणून जपून. 'नाही' तुम्ही म्हणू नका. सुनेनं मोडता घातला असं व्हायला वेळ लागत नाही. यजमानांना बोलू द्या, तेही फोनवर नको, जाऊन. आणि कारण त्यांच्या फ्लॅटचं सांगू नका, स्वतःचं सांगा: 'मला पिथमपूर लांब पडतं, आईला रामबाग सोडवत नाही.' याला दलालाकडे उत्तर नसतं. मग त्यांनाच काम द्या: 'राजेंद्रनगरकडे तयार घर बघतोय, भाव तोडायला तुम्ही सोबत हवेत, आम्हाला जमत नाही.' हे खुशामतीसाठी म्हणत नाही. विकणाऱ्याच्या बाजूला बसलेला माणूस घेणाऱ्याच्या बाजूला आला की काय कामाचा असतो ते तुम्हाला दिसेल. दलालीही त्यांनाच द्या, एक टक्का, चेकनं.

एवढं करूनही ते म्हणाले की निदान दोन-चार लाख उसने द्या, माझा हप्ता आलाय, तर तुम्हाला कळेल ते कुठं अडकलेत. तेव्हा काय करायचं ते तुमच्या यजमानांनी आणि त्यांच्या बहिणीनं बसून ठरवावं. तिथं बँकेतल्या काकांचं काम नाही. फक्त हे बोलणं दसऱ्याच्या आत उरका. भाऊबीजेला यजमान बहिणीकडे ओवाळून घ्यायला जातील, त्या पाटावर हा विषय यायला नको.